गुडघा गेलेल्या खेळाडूसाठी फुटबॉल विश्वचषकाच्या संघात जागा अडवावी का?

टचलाइन
विश्वचषक तोंडावर आला की कुणाचा ना कुणाचा गुडघा जातोच, आणि ‘याला न्यायचं का’ हा वाद पेटतो. माझं मत स्पष्ट आहे: खेळाडू मोठा असेल तर न्यावाच. २०१४ मध्ये संघ २३ जणांचा असे, २०२२ला २६ झाले. वाढीव तीन जागा कशासाठी मग? उरुग्वेचा सुआरेझ बघा. २२ मे २०१४ ला मेनिस्कसची शस्त्रक्रिया, कोस्टा रिकाविरुद्ध बाकावर, १९ जूनला इंग्लंडविरुद्ध दोन गोल. अठ्ठावीस दिवसांत! १९९४ला इटलीचा बारेसीही मेनिस्कस ऑपरेशननंतर अंतिम सामन्यात १२० मिनिटं खेळला.

मधली_फळी
दोन्ही उदाहरणं मेनिस्कसची दिलीत, तिथेच गोम आहे. मेनिस्कस म्हणजे सांध्यातली गादी. तिचा फाटका तुकडा दुर्बिणीतून कापून काढला, तर चार ते सहा आठवड्यांत मैदान गाठता येतं. तीच गादी शिवली तर चार-सहा महिने विसरा, कारण टाके भरून येईपर्यंत खोल वाकणं आणि वळणं बंद. बाजूचं लिगामेंट (हाडं बांधून ठेवणारा पट्टा), म्हणजे एमसीएल, अर्धवट फाटलं तर ब्रेस लावून साधारण तीन ते सहा आठवडे. सांध्याच्या आतलं लिगामेंट, म्हणजे एसीएल, पूर्ण तुटलं तर हिशेब महिन्यांचा. बातमीत मात्र सगळ्याला एकच शब्द: ‘गुडघ्याची दुखापत’.

फाल्काओचं एसीएल २२ जानेवारी २०१४ ला गेलं, स्पर्धा १२ जूनला. पाच महिनेही नाहीत. कोलंबियाने ३० जणांच्या यादीत नाव ठेवलं आणि शेवटी गाळलं. योग्यच केलं.

टचलाइन
आणि जर्मनीचा खेदिरा? नोव्हेंबर २०१३ मध्ये इटलीविरुद्ध एसीएल तुटलं, मे महिन्यात परतला, ब्राझीलविरुद्धच्या ७-१ अशा विजयात गोलही केला. सहा महिन्यांत जमलं की!

मधली_फळी
जमलं, पण अंतिम सामन्याच्या वॉर्म-अपमध्ये पोटरीने दगा दिला आणि ऐनवेळी क्रॅमरला उतरवावं लागलं. गुडघ्यामुळेच पोटरी गेली असा माझा दावा नाही. पण सहा महिने बसलेल्या खेळाडूचा फक्त गुडघाच मागे पडलेला नसतो.

लंगडी_टेस्ट
दोघंही महिने मोजताय, थोडं मोजमापावरही बोला. एसीएल तुटल्यावर नवं लिगामेंट म्हणून बसवलेला ग्राफ्ट साधारण सहाव्या ते बाराव्या आठवड्यात सगळ्यात कमजोर असतो. नेमकी तेव्हाच सूज उतरलेली असते, दुखत नाही, आणि खेळाडूला वाटतं आपण बरे झालो. नऊ महिन्यांपर्यंत प्रत्येक महिना थांबलं की पुन्हा दुखापतीचं प्रमाण जवळपास निम्म्याने घटतं, असं अभ्यासात दिसलंय.

चाचणीतही फसगत होते. नियम असा की मांडीच्या पुढच्या स्नायूची ताकद चांगल्या पायाच्या ९० टक्के हवी. समजा दुखापतीआधी दोन्ही पाय ३०० न्यूटन-मीटर देत होते. आता चांगला पाय २५०, दुखरा २३०. तुलना केली तर ९२ टक्के, पास! प्रत्यक्षात जुन्या ताकदीच्या ७७ टक्केच, कारण बसून बसून चांगला पायही सुकलाय. एका पायावरच्या उड्यांचंही तेच. अंतर सारखं भरतं, पण जोर कंबरेतून लावलेला असतो आणि गुडघा नुसता सोबत असतो. म्हणून हंगामाआधीचे आकडे नोंदलेले हवेत. ते नसतील तर ‘फिट’ या शिक्क्याला अर्थ नाही.

गोलपोस्ट
लंगडी_टेस्ट, पटलं. पण निवडसमितीकडे नऊ महिने नसतात हो! मैदानी खेळाडू जखमी झाला तर आपल्या पहिल्या सामन्याच्या २४ तास आधीपर्यंतच बदली मिळते. त्यामुळे मेनिस्कस कापलेला किंवा एमसीएलवाला असेल तर तोपर्यंत थांबून बघायला काय हरकत? शेवटची वीस मिनिटं खेळला तरी पुष्कळ.

मधली_फळी
वीस मिनिटं सोपी नसतात. एसीएल बहुतेकदा थेट धडकेने तुटतच नाही. प्रेसिंग करताना, म्हणजे चेंडू हिसकावायला समोरच्यावर धावून जाताना, खेळाडू वेगात येतो, समोरचा हुलकावणी देतो, हा पाय बाहेर रोवून थांबतो, गुडघा जेमतेम वाकलेला असतो आणि आत कोसळतो. ताजातवाना बदली खेळाडू शेवटच्या वीस मिनिटांत दुसरं करतो काय? प्रेसिंगच.

टचलाइन
ठीक, एसीएलपुरतं मागे घेतो. सहा महिन्यांच्या आत नको. पण मेनिस्कसवर मी ठाम आहे, फक्त बाहेरच्या बाजूची गादी कापलेली असेल तर जरा बिचकेन. तिथे कापल्यावर भार वाढवला की सूज परत येते आणि कूर्चा झिजते.

लंगडी_टेस्ट
मग सराव झाल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी टेप घेऊन गुडघ्याचा घेर मोजा. आदल्या दिवशीपेक्षा सेंटिमीटरभर वाढला असेल तर सराव कमी करा, नाव कितीही मोठं असो.