महागडी कंट्रोल रूम नको, पुराची पट्टी हवी

वरच्या प्रतिसादात म्हटलंय की कोल्हापूर केंद्राच्या स्मार्ट सिटी योजनेतल्या शंभर शहरांत नव्हतं, म्हणून मागे राहिलं. मला ते पटत नाही. आपली गरज कंट्रोल रूममधल्या कॅमेऱ्यांची नाही, पंचगंगेच्या पुराची माहिती वेळेत मिळण्याची आहे.

नदीवरच्या राजाराम बंधाऱ्याला पाणी ३९ फूट म्हणजे इशारा, ४३ म्हणजे धोका, हे आपल्याकडे पोरासोरांनाही पाठ असतं. २०१९ आणि २०२१ साली पाणी ५५ फुटांच्याही वर गेलं. पण किती फुटांना माझ्या गल्लीत पाणी येईल? खरी माहिती ती. लेव्हल मशीनने (जमिनीची उंची मोजायच्या यंत्राने) गल्लीगल्लीची उंची मोजून, बंधाऱ्याला किती फूट झाल्यावर तिथे पाणी येईल तो आकडा विजेच्या खांबांवर ऑइलपेंटने रंगवा. नदीचा उतार आणि शहरातल्या जयंती नाल्याची फुग (तुंबून मागे चढणारं पाणी) यांमुळे थोडा फरक पडतो, म्हणून जुन्या पुराच्या खुणांशी आकडे ताडून बघायचेच.

पाण्याची पातळी मोजणारा सेन्सर बसवायचा तर पुलावर, आजवरच्या सर्वोच्च पातळीच्या बराच वर. ध्वनिलहरींनी अंतर मोजणारा स्वस्त अल्ट्रासॉनिक घेऊ नका: तापमान १० अंशांनी बदललं की ध्वनीचा वेग बदलतो, आणि १० मीटर अंतराला १७-१८ सेंटिमीटरची चूक येते. रेडिओलहरींनी मोजणारा रडार घ्या. सेन्सरचा विजेचा सरासरी खर्च अर्धा वॉट धरला तर दिवसाला १२ वॉट-तास लागतात. १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तासाची बॅटरी निम्मीच वापरायची म्हटल्यावर साडेतीन दिवसांत संपते, आणि आठवडाभर ऊन नसतं तेव्हाच पूर येतो! १८ अँपिअर-तासाची घ्या. निरोप साध्या एसएमएसने पाठवा. आणि बंधाऱ्यावरची रंगवलेली पट्टी वाचणारा माणूस काढू नका, सेन्सर चुकला तर त्यालाच आधी कळेल.