मदत हवी आहे: कणकेचे स्ट्रॉबेरी क्रंबल बार, खाली गिच्च आणि वर चिवट होताहेत

नमस्कार मंडळी,

साताऱ्याहून लिहिते आहे. लेक पुण्यात हॉस्टेलवर असते. शेजारचे काका पंधरा दिवसांनी एसटीने पुण्याला जातात, त्यांच्याबरोबर तिचा डबा जातो. लाडू, चिवडा, शंकरपाळ्या सगळं करून झालं. मध्यंतरी तिने एका मैत्रिणीकडे फळाचे क्रंबल बार खाल्ले. खाली बिस्किटासारखा थर, मध्ये आंबटगोड फळ आणि वर भुरभुरीत चुरा. तेव्हापासून फोनवर एकच मागणी आहे, "आई, तसे कर ना, पण मैदा नको." मैदा खाल्ला की तिचं पोट दोन दिवस बिघडलेलं असतं, त्यामुळे मलाही कणकेचेच करायचे आहेत.

सध्या महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी इथे ताजी आणि भरपूर मिळते. गेल्या तीन आठवड्यांत तीनदा प्रयत्न केला, तिन्ही वेळा बिघडले. नेमकं काय केलं ते लिहिते, म्हणजे तुम्हाला सांगता येईल.

पहिल्या खेपेला २ वाट्या कणीक (पोळीचीच, लोकवन गहू), १ वाटी ओट्स, पाऊण वाटी तूप आणि पाऊण वाटी गूळ घेतला. तूप-गूळ एकत्र गरम करून विरघळवलं आणि पिठात ओतलं. मिश्रण कोरडं वाटलं म्हणून अर्धी वाटी दूध घालून मळून घेतलं. वरचा चुरा गार झाल्यावर चिक्कीसारखा कडक झाला, दाताखाली चिवट लागत होता.

दुसऱ्या खेपेला दूध टाळलं. मऊ तूप तसंच पिठाला चोळलं, गूळ किसून घातला. चव बरी होती, पण कच्च्या कणकेचा वास राहिला आणि खालचा थर तुपकट, ओला.

तिसऱ्या खेपेला फ्रीजमधलं थंड बटर चोळलं. चुरा छान झाला! पण स्ट्रॉबेरी चिरून, साखर लावून तशीच मध्ये पसरली होती. तिला इतकं पाणी सुटलं की खालचा थर शिऱ्यासारखा झाला. चौकोन पाडायला गेले तर उचलताच येईनात. चमच्याने वाटीत घालून खाल्ले घरच्यांनी.

ओटीजी आहे, १८० अंशांवर ३० मिनिटं, मधल्या जाळीवर, दोन्ही रॉड चालू. भांडं काचेचं चौकोनी, साधारण ८ इंचांचं.

विचारायचं हे की कणकेला मैद्यासारखं भुरभुरीत करता येतं का? तूप चालेल की बटरच हवं? आणि साताऱ्याहून पुण्याला डब्यातून जातील, निदान दोन दिवस टिकतील इतके कोरडे कसे करायचे? पुढच्या रविवारी काका निघणार आहेत.

प्रतिसाद १

ताई, तिसऱ्या वेळी तुम्ही जवळजवळ पोहोचला होतात. चुरा जमला आहे, आता फळ आणि भांडं एवढंच बदला.

काच तापायला वेळ घेते. वरचा चुरा तांबूस होईपर्यंत खालचा थर अजून कच्चाच असतो. ॲल्युमिनियमचा केकचा टिन घ्या. खालचा थर आधी एकटाच भाजायचा. टिनात बटर पेपर लावून, वाटीच्या बुडाने घट्ट दाबून, काट्याने टोचून, १८० वर १५ मिनिटं ठेवा. यावेळी जाळी सगळ्यात खालच्या खाचेत. कडा किंचित सोनेरी दिसल्या की बाहेर काढा. ओटीजी आधी १० मिनिटं तरी तापवलेला असू द्या.

फळ पसरण्याआधी या थरावर एक चमचा बारीक रवा भुरभुरवा. सुटलेला रस तो पिऊन घेतो आणि खाताना कळतही नाही.

प्रतिसाद २

स्ट्रॉबेरी कच्ची घालूच नका. तिच्यात नव्वद टक्क्यांच्या आसपास पाणीच असतं, आणि साखर लावली की ते भराभर बाहेर येतं. शिवाय तिच्यात पेक्टिन कमी, त्यामुळे पेरूसारखी ती आपली आपण आळत नाही.

५०० ग्रॅम स्ट्रॉबेरी चिरून ७५ ग्रॅम साखरेबरोबर जाड बुडाच्या कढईत मध्यम आचेवर १५ ते २० मिनिटं आटवा. शेवटी एक टेबलस्पून कॉर्नफ्लोअर दोन चमचे गार पाण्यात कालवून घाला आणि नीट उकळी येऊन मिनिटभर शिजू द्या. उकळी आल्याशिवाय कॉर्नफ्लोअर धरत नाही, आणि पिठूळ चव राहते ती वेगळीच. मग एका लिंबाचा रस. कढईच्या बुडावरून चमचा ओढला की वाट दिसली पाहिजे आणि ती लगेच बुजता कामा नये. पूर्ण गार करून मगच पसरा.

प्रतिसाद ३

मी सत्तरीची आहे, तेव्हा अगंतुगं करते, चालेल ना?

अगं, तू शंकरपाळ्या करतेस म्हणालीस, मग तुला हे येतंच आहे. याला मोहन म्हणतात! पिठाला तूप चोळून मूठ आवळली की मुटका वळला पाहिजे आणि बोटाने टिचकी मारली की तो फुटला पाहिजे. एवढं झालं की हात थांबवायचा. तू पहिल्यांदा दूध घालून मळलंस तिथेच फसलं. पाणी किंवा दूध लागलं आणि हात फिरला की कणकेला चिकाटी येते. पोळीला तीच हवी असते, इथे नको.

कच्च्या वासाचं म्हणशील तर कणकेचे लाडू करताना आपण काय करतो? पीठ भाजतो. निम्मी कणीक कोरडीच मंद आचेवर ७-८ मिनिटं परत, रंग फार बदलू देऊ नकोस, खमंग वास आला की परातीत काढ आणि पार गार होऊ दे. भाजलेल्या पिठाला चिकाटीही कमी येते. उरलेली निम्मी कच्चीच ठेव, सगळं भाजलंस तर थर धरून राहणार नाही.

प्रतिसाद ४

गुळाबद्दल कोणी बोललं नाही म्हणून लिहितो. विरघळलेला गूळ तुपात उकळला की तो पाकच झाला, गार झाल्यावर कडक होणारच. तुमची चिक्की तिथून आली. गूळ पावडर घ्या किंवा बारीक किसून कोरडाच मिसळा, गुठळी राहू देऊ नका. गूळ साखरेपेक्षा लवकर काळवंडतो, त्यामुळे शेवटच्या दहा मिनिटांत ओटीजीजवळून हलू नका. वरून रंग पुरेसा आला असेल तर वरचा रॉड बंद करून खालच्यावर पुरं करा.

तूप की बटर? दोन्ही चालतं, पण माप सारखं नाही. बटरमध्ये साधारण ८० टक्के स्निग्धांश असतो, उरलेलं बहुतेक पाणी. तूप म्हणजे जवळजवळ सगळा स्निग्धांशच. १०० ग्रॅम बटरच्या जागी ८० ग्रॅम तूप पुरतं. तुमची दुसरी खेप तुपकट झाली त्याचं हे एक कारण असावं. दुसरं म्हणजे तूप मऊ होतं. ते फ्रीजमध्ये घट्ट गोठवून चमच्याने खरवडून घाला. नानकटाईसारखा खुसखुशीतपणा तुपानेच येतो, माझं मत तुपाकडे आहे. पिवळं खारं बटर वापरलंत तर वेगळं मीठ घालू नका.

प्रतिसाद ५

खपलीचं पीठ मिळत असेल तर तेच वापरून बघा. सातारा-सांगली भागात गिरणीत सहज दळून मिळतं. खपलीतलं ग्लुटेन कमकुवत असतं, म्हणून तिच्या पोळ्या लोकवनसारख्या लवचिक होत नाहीत. पोळीत जो दोष वाटतो तो इथे गुण ठरतो, थर आपोआप खुसखुशीत होतो. फार बारीक दळू नका म्हणून सांगा. (ज्यांना गहू अजिबात चालत नाही त्यांना मात्र खपलीही चालणार नाही, तोही गहूच आहे.)

आणि कोणतीही पूर्ण गव्हाची कणीक असली तरी कोंडा ओलावा हळूहळू शोषतो. चुरा तयार झाला की झाकून अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवा. आधी कोरडा वाटला तरी लगेच दूध ओतू नका, अर्ध्या तासाने पुन्हा मूठ वळून बघा. अगदीच वळत नसेल तर एक चमचा गार दूध शिंपडा, ओतू नका.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. मोहनाचं वाचलं आणि डोक्यात लख्ख प्रकाश पडला. इतकी वर्षं शंकरपाळ्यांना मूठ वळून बघते, पण या पदार्थाचं नाव इंग्रजी म्हणून ते इथे लावावं हे सुचलंच नाही.

आज शनिवारी केले. माप देते, कुणाला उपयोगी पडेल: खपलीचं पीठ १८० ग्रॅम (त्यातलं ९० भाजून), ओट्स ८० ग्रॅम, गूळ पावडर ९० ग्रॅम, गोठवलेलं तूप १०० ग्रॅम, पाव चमचा खायचा सोडा, चिमूट मीठ, थोडी वेलची. अर्ध्या तासानंतर एक चमचा दूध शिंपडावं लागलं. दोन भाग खाली, एक भाग वर. खालचा थर १५ मिनिटं भाजला, रवा भुरभुरवला, आटवलेली स्ट्रॉबेरी पसरली, वरून चुरा घातला, दाबला नाही. मग मधल्या जाळीवर २८ मिनिटं.

खालचा थर वाजतोय! उचलला तरी वाकत नाही. कच्चा वास अजिबात नाही, उलट भाजल्या पिठाचा लाडवासारखा वास स्ट्रॉबेरीच्या आंबटपणाला इतका शोभला की मला तो मूळ मैद्याच्या बारपेक्षा सरस वाटतो. फक्त गरम असतानाच एक कोपरा कापून बघितला, तो मोडला.

आता शेवटची शंका डब्याची. उन्हं वाढली आहेत, उद्या सकाळी सातची एसटी आहे.

प्रतिसाद २

गार व्हायला तीन-चार तास द्यायचेच, कॉर्नफ्लोअर गार झाल्यावरच पक्कं धरतं. रात्रभर टिनासकट फ्रीजमध्ये ठेवा, सकाळी धारदार सुरीने एका दाबात कापा, सुरी करवतीसारखी पुढेमागे करू नका. कोमट असताना झाकण लावलं तर आत वाफ धरेल आणि सगळी खुसखुशी जाईल. दोन थरांमध्ये बटर पेपर घाला. बाहेर दोन दिवस, हॉस्टेलवर फ्रीज असेल तर चार-पाच दिवस.

प्रतिसाद ३

आणि डबा पिशवीत आडवा जाऊ देऊ नकोस, काकांना सांगून ठेव. एप्रिलमध्ये हापूस आला की त्याचे कर. रस नुसता आटव, साखर निम्मीच घाल.

धागाकर्ती

रविवार, दुपार. काका स्वारगेटला उतरले, लेक डबा घ्यायला आली होती. तिथेच उघडून एक खाल्ला. फोटो पाठवलाय, चौकोन अख्खे आहेत. विचारते आहे की पुढच्या वेळी मैत्रिणींसाठी दुप्पट होतील का. ८ इंचांच्या एका टिनात १६ तुकडे झाले होते. ओटीजीत दोन टिन एकदम ठेवले तर वरचा-खालचा सारखा भाजला जाईल का, की एकामागून एक करू?