'मोटेट'ला 'स्तोत्र' म्हणावं का?

मध्ययुगीन चर्च संगीतावरचा एक लेख मराठीत करतोय, त्यात 'मोटेट' हा गाण्याचा प्रकार वारंवार येतो. मी सध्या 'स्तोत्र' लिहिलंय, चालेल का? आणि दुसरं म्हणजे यात टेनर सगळ्यात खालचा आवाज आहे असं दिलंय. आपण तर टेनर म्हणजे पुरुषांचा उंच आवाज समजतो ना?

---

स्तोत्र नका लिहू प्लीज. स्तोत्रात सगळे मिळून एकच पाठ म्हणतात आणि १३ व्या शतकातल्या मोटेटची सगळी गंमत याच्या उलट आहे, दोन-तीन आवाज एकाच वेळी वेगवेगळे शब्द गातात.

हे झालं कसं ते बघा. नाताळच्या उपासनेत 'व्हिदेरुंत ओम्नेस' हे लॅटिन ग्रेगोरियन गायन (चर्चचं जुनं, एकाच चालीचं गायन) असतं, त्यात 'दोमिनुस' म्हणजे प्रभू या एका शब्दावर लांबच लांब तान आहे. पॅरिसच्या नोत्र दाम कॅथेड्रलच्या गायकांनी असे तुकडे उचलले, ते ठरावीक लयीत बांधले आणि वर दुसरा चपळ आवाज चढवला, याला क्लॉजुला म्हणतात. त्या वरच्या आवाजाला स्वतःचे शब्द नव्हते, खालचंच अक्षर लांबवत जायचं. मग त्या सुरांना नवीन शब्द बसवले गेले. फ्रेंचमध्ये शब्दाला 'मो' म्हणतात, त्यावरून मोटेट.

आणि टेनर हा 'तेनेरे' म्हणजे धरून ठेवणे या लॅटिन धातूवरून. जो मूळ चाल धरून ठेवतो तो टेनर, उंचीशी संबंधच नाही. पण हा आपल्या तंबोऱ्यासारखा एकाच जागी थांबलेला सूर नाही हं, ती चाल पुढे सरकते, पुन्हा पुन्हा येते. उंच आवाज हा अर्थ नंतरचा.

---

वरचे शब्द धार्मिकच असायचे का मग?

---

सुरुवातीला बरेचदा खालच्या शब्दाचाच अर्थ फुलवणारे लॅटिन श्लोक असत. पण लवकरच वर फ्रेंच प्रेमगीत आणि खाली चर्चची लॅटिन चाल असाही प्रकार आला, कधी तर एक आवाज लॅटिनमध्ये आणि दुसरा फ्रेंचमध्ये. माँपेलिए हस्तलिखित या मध्ययुगीन संग्रहात ३०० च्या वर मोटेट आहेत, त्यात हे सगळे नमुने सापडतात. म्हणून 'धार्मिक गीत' हेही अपुरंच पडतं. तुमचा लेख कुठल्या काळाबद्दल आहे ते आधी बघा, कारण २५ मार्च १४३६ ला फ्लॉरेन्सच्या कॅथेड्रलच्या अर्पणविधीसाठी द्युफाई या संगीतकाराने केलेल्या मोटेटमध्ये वरचे दोन आवाज एकच लॅटिन पाठ गातात आणि खालच्या दोन टेनरमध्ये जुनी चाल आहे, तर १६ व्या शतकात पॅलेस्ट्रिना या संगीतकारापाशी येईपर्यंत मोटेट म्हणजे सगळ्या आवाजांत एकच लॅटिन पाठ असंच साधारण झालेलं. शब्द तोच, पण ऐकू येणारी गोष्ट पार वेगळी.

---

गोव्याचं कुणी बोललंच नाही! आमच्याकडे लेंटमध्ये, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या उपवासाच्या काळात, मोटेट गातात, लॅटिन आणि कोंकणी दोन्ही, व्हायोलिनच्या साथीने. येशूच्या यातनांवरची गाणी, ऐकताना जीव कासावीस होतो. पोर्तुगीजांबरोबर आलेला शब्द. त्यात तुम्ही म्हणता तसे वेगवेगळे पाठ नसतात पण नाव तेच आहे, तेव्हा मराठीतही मोटेटच ठेवा ना.

---

पटलं, 'मोटेट'च ठेवतो आणि पहिल्यांदा येईल तिथे 'अनेक आवाजांची, टेनरच्या चालीवर रचलेली गीतरचना' असं देतो. तो मोटेट की ते मोटेट?

---

मी 'ते' लिहिते, गीत नपुंसकलिंगी म्हणून. आणि त्या स्पष्टीकरणात 'प्रत्येक आवाजाचे शब्द वेगळे' हे घालाच, तुमचा लेख १३ व्या शतकाचा असेल तर तेच मुख्य.