डीसीच्या नव्या मालिका: या बुधवारच्या तेरा पहिल्या अंकांपैकी पुढे काय वाचत राहावे?

बुधवारकर (न्यू जर्सी), ८ सप्टेंबर २०११

सुपरमॅन-बॅटमॅनच्या चित्रकथा काढणाऱ्या अमेरिकेच्या डीसी कॉमिक्सने आपल्या मुख्य विश्वातील मालिका थांबवून ५२ मालिका पहिल्या अंकापासून नव्याने सुरू करण्याचा घाट घातला आहे, हे बहुतेकांना ठाऊक असेलच. ३१ ऑगस्टला ‘जस्टिस लीग’ एकटीच आली होती. काल एकदम तेरा अंक आले. तेराही मालिका दरमहा घ्यायच्या तर एवढ्यावरच ४० डॉलरांच्या आसपास खर्च होईल, आणि महिन्याचे तीन बुधवार अजून बाकी आहेत. म्हणून यांतील चार-पाचच ठेवायच्या आहेत. ज्याने आधीचे काहीच वाचलेले नाही अशा वाचकासाठी ही सुरुवात आहे, असे प्रकाशकच सांगत असल्यामुळे मीही तीच कसोटी लावली: वीस-एक पानांच्या या अंकात नवख्या माणसाच्या पदरात काही पडते का? (खाली कथानक उघड केले आहे. अंक वाचायचे असतील त्यांनी जपून वाचावे.)

या कसोटीवर ‘ॲनिमल मॅन’ मला सर्वांत सरस वाटला. जेफ लेमायर यांनी जनावरांच्या शक्ती अंगी घेणाऱ्या बडी बेकर या नायकाची ओळख मासिकातील मुलाखतीच्या रूपात, सलग मजकुराच्या एका पानावर करून दिली आहे, आणि तेथून वाचकाला थेट त्याच्या घरात, बायको एलन, मुलगा क्लिफ आणि धाकटी मॅक्सीन यांच्यामध्ये नेऊन बसवले आहे. रुग्णालयातील ओलीस-प्रसंग याच अंकात सुरू होऊन याच अंकात मिटतो. त्यामुळे शेवटच्या पानावर मॅक्सीनने उठवलेली मेलेली जनावरे दिसतात तेव्हा ती भीती उपरी वाटत नाही, कारण तोवर आपण त्या घरातलेच झालेलो असतो. ट्रॅव्हल फोरमन यांची बारीक, काहीशी अस्वस्थ करणारी रेषा सर्वांना रुचणार नाही, पण या कथेला तीच हवी.

‘ॲक्शन कॉमिक्स’ ९०४ अंकांनंतर पुन्हा एकवर आली आहे. ग्रँट मॉरिसन यांचा तरुण सुपरमॅन जीन्स, टी-शर्ट आणि पाठीवर लाल वस्त्र एवढ्यावर वावरतो, लांब उड्या मारतो पण उडत नाही, आणि ग्लेनमॉर्गन नावाच्या धनाढ्याला जिवाची भीती घालून त्याच्याकडून गुन्ह्यांची कबुली वदवून घेतो. हा उद्दामपणा मला आवडला. ‘डिटेक्टिव्ह कॉमिक्स’ ही बॅटमॅनची मालिका मात्र मी सोडणार आहे. बॅटमॅनचा शत्रू जोकर याचा सोललेला चेहरा भिंतीवर टांगून अंक संपवायचा, यात धक्का आहे, पण त्या पानापर्यंत पोहोचण्याचे कारण कोठे आहे? ‘हॉक अँड डव्ह’विषयी न बोललेलेच बरे.

प्रश्न उरतो ‘बॅटगर्ल’ (बॅटमॅनसारखा वेश करून लढणारी बार्बरा गॉर्डन) आणि ‘स्वॅम्प थिंग’ (दलदलीतला वनस्पतिदेही प्राणी) यांचा. या दोन्ही मालिका पुढे घ्याव्यात असे आपल्याला वाटते का, आणि का?

---

शाईची_दौत (पुणे)

‘स्वॅम्प थिंग’ अवश्य घ्यावी, परंतु आपली कसोटी तिला लावू नये, कारण त्या कसोटीवर ती नापास होईल. नायक, शास्त्रज्ञ ॲलेक हॉलंड लुइझियानात बांधकामावर मजुरी करतो आहे आणि आपण कधीच नव्हतो अशा एका वनस्पतिदेहाच्या आठवणी त्याला छळत आहेत, हे कळण्यासाठी १९८४ मध्ये लेखक ॲलन मूर यांनी या पात्राचा पायाच कसा बदलला होता, ते माहीत असावे लागते. मूर यांनी दाखवले होते की तो दलदलीतला प्राणी हॉलंड नव्हताच. हॉलंडच्या आठवणी स्वतःच्या समजणारी ती केवळ वनस्पती होती. नव्या मालिकेचे लेखक स्कॉट स्नायडर यांनी आता उलट टोक पकडले आहे: माणूस खरा आहे आणि आठवणी परक्या आहेत. नवख्याला हे अंधूकच राहणार. पण वाळवंटातील उत्खनन आणि मान उलटी फिरलेली माणसे ही दृश्ये त्याविनाही पोहोचतात, आणि यानिक पाकेट यांची वेलींसारखी वळणारी पानरचना आपणच आपली बाजू मांडते.

आणखी एक. या अंकात जनावरे कारणाविना मरत आहेत आणि ‘ॲनिमल मॅन’मध्ये मेलेली जनावरे उठत आहेत. हा योगायोग असेल असे मला वाटत नाही. आपण एक मालिका ठेवणार असाल तर दुसरी टाकू नये.

या अंकांच्या डिजिटल प्रती अमेरिकेतील दुकानांबरोबर त्याच दिवशी निघू लागल्या, म्हणून पुण्यात बसून मला आपल्याशी या आठवड्याबद्दल याच आठवड्यात बोलता येते आहे. माझ्या दृष्टीने या साऱ्या खटाटोपातील खरी नवी गोष्ट हीच.

---

ग्रंथपाल_मावशी (नाशिक)

‘बॅटगर्ल’विषयी मला थोडे सविस्तर लिहायचे आहे. १९८८ च्या ‘द किलिंग जोक’मध्ये जोकरने बार्बरा गॉर्डनला गोळी घालून पायांनी पांगळी केली, ती तिची गोष्ट म्हणून नव्हे, तर तिच्या वडिलांना आणि बॅटमॅनला छळण्यासाठी. ते न पटल्यामुळे किम येल आणि जॉन ऑस्ट्रँडर या लेखकद्वयाने १९८९ मध्ये तिला ‘ऑरॅकल’ केले. चाकांच्या खुर्चीतून संगणकाच्या बळावर साऱ्या नायकांना माहिती पुरवणारी ती बाई पुढे वीसहून अधिक वर्षे डीसीच्या विश्वाचा कणा होती, आणि अपंग वाचकांना त्या जगात आपले म्हणता येईल असे दुसरे पात्र फारसे नव्हते. बॅटगर्लचा पोशाख तिच्यानंतर इतर मुलींनी चालवलाच होता. ऑरॅकलची जागा घेणारे कोणीही नाही. म्हणून बार्बराला पुन्हा पायांवर उभे करण्याचा निर्णय मला मूळातच मान्य नाही.

हे सांगून झाल्यावर अंकाविषयी प्रामाणिकपणे लिहिणे भाग आहे. गेल सिमोन यांनी ऑरॅकलच्या अनेक कथा लिहिल्या आहेत, आणि ५२ मालिकांच्या लेखकवर्गात त्या एकट्याच स्त्री आहेत. त्यांनी गोळीबार पुसून टाकलेला नाही. शेवटी कोणीतरी नेमके त्याच ठिकाणी पिस्तूल रोखतो तेव्हा बार्बरा गोठून जाते, तिच्या डोळ्यांदेखत एक माणूस मरतो आणि पोलीस बाई तिलाच खुनी म्हणते. शरीर बरे झाले तरी ती भीती बरी झालेली नाही, हा धागा लेखिकेने सोडला नाही तर ही मालिका टिकेल. मी पुढचे दोन-तीन अंक वाचणार आहे, पण रागातच.

---

जुना_गठ्ठा (बेळगाव)

बुधवारकर, सुपरमॅनचा जो उद्दामपणा आपल्याला नवा म्हणून भावला, तो मुळात १९३८ चा आहे. सुपरमॅनचे निर्माते सीगल आणि शुस्टर यांच्या पहिल्याच अंकात तो बायकोला मारणाऱ्या नवऱ्याला बदडतो आणि सिनेटरशी संगनमत असलेल्या मध्यस्थाच्या मागे लागतो; उडता त्यालाही येत नव्हते. मॉरिसन यांनी हे उचलले ते योग्यच केले. तरीही आपल्या कसोटीने पाहिले तर अंक धावतो फार आणि थांबतो कमी. शेवटी आगगाडीखाली सापडलेला नायक आणि त्याच्यासाठी सापळा रचणारा त्याचा शत्रू लूथर दिसतात, म्हणजे हाही धक्क्यावरच संपला. ‘डिटेक्टिव्ह’ला एक न्याय आणि याला दुसरा, हे बरोबर नव्हे.

आपण ‘ओमॅक’चे नावही घेतले नाहीत, याचे मला आश्चर्य वाटते. जॅक कर्बी यांनी १९७४ मध्ये निर्माण केलेले हे एकट्याने सैन्यासारखे लढणारे पात्र कीथ गिफेन आणि डॅन डिडिओ यांनी केविन खो नावाच्या साध्या नोकरदारावर लादले आहे. गिफेन यांनी कर्बींचे ठसठशीत हात, मोठमोठ्या चौकटी आणि ठिणग्यांसारखे काळे ठिपके इतक्या मनापासून वापरले आहेत की कथा बेताची असूनही अंक खाली ठेववत नाही. आधीचे एक अक्षर माहीत नसले तरी काही अडत नाही. ही मालिका फार काळ चालेल असे वाटत नाही. म्हणूनच आताच घ्यावी.

---

बुधवारकर (न्यू जर्सी)

‘डिटेक्टिव्ह’बाबतचा आक्षेप रास्त आहे, पण फरक एवढाच की गाडीखालचा सुपरमॅन त्या अंकभर लोकांसाठी धावत होता, म्हणून तो सापडल्याचे वाईट वाटते, जोकरच्या चेहऱ्याचे मला काहीच वाटले नाही. ‘ॲनिमल मॅन’, ‘स्वॅम्प थिंग’ आणि ‘ॲक्शन’ या तिन्ही मालिका दुकानदाराकडे दरमहा राखून ठेवायला सांगतो. ‘बॅटगर्ल’ अंकागणिक पाहीन. मावशी, ऑरॅकलच्या जुन्या कथांपैकी आधी कोणती वाचावी, ते कृपया सांगावे. ‘ओमॅक’ आज रात्री पुन्हा वाचतो.