परसातल्या कोंबड्या नेमके कोण नेत आहे? खुराड्याच्या बंदोबस्ताबाबत सल्ला हवा

परसदार (संगमेश्वर, जि. रत्नागिरी):

नमस्कार. आमच्या परसात गावठी आणि गिरिराज मिळून १४ कोंबड्या होत्या. तीन आठवड्यांत त्या १० वर आल्या आहेत. खुराड्याच्या तीन भिंती जांभ्याच्या चिऱ्यांच्या आहेत, वर मंगलोरी कौले आहेत आणि दर्शनी बाजूला षट्कोनी भोकांची बारीक तारेची जाळी आहे. जमीन मातीची, सारवलेली आहे. दोन कोंबड्या रात्रीतून नाहीशा झाल्या आणि मागे फक्त पिसे उरली. तिसरी सकाळी जाळीलगत मरून पडलेली आढळली. तिचे मुंडके नव्हते, बाकी अंग मात्र जसेच्या तसे होते. चौथी भरदुपारी फणसाखाली चरताना गेली. याखेरीज, खुडूक (अंडी उबवायला) बसवलेल्या कोंबडीखालची सात अंडी एका रात्रीत गेली, टरफलाचा तुकडाही राहिला नाही आणि कोंबडी बिचारी कोपऱ्यात उभी होती. शेजारी मुंगसाचे नाव घेतात, वडील कांडेचोराचे (उदमांजराचे). एकाने विष लावलेले मांस ठेवण्याचा सल्ला दिला, पण त्याला मन धजावत नाही. काय करावे?

चिरेबंदी (कुडाळ):

आपण दिलेल्या खुणा नीट वाचल्या, तर हे एका चोराचे काम नाही. मुंगूस दिवसा वावरणारा प्राणी आहे, त्यामुळे फणसाखालची कोंबडी त्याच्या नावावर घालता येईल (भटके कुत्रेही संशयाबाहेर नाही), पण रात्रीच्या घटना त्याच्या माथी मारणे योग्य नव्हे. अंड्यांचेही तसेच आहे: मुंगूस अंडे फोडून खातो आणि टरफले मागे सोडतो, साप मात्र ते अख्खे गिळतो. नागाला अंडी आणि पिल्ले दोन्ही चालतात, म्हणून कोंबडीखाली हात घालण्यापूर्वी विजेरीने पाहण्याची सवय आजपासून लावून घ्या.

मुंडके गेलेल्या कोंबडीचा अर्थ असा की, मारणारा प्राणी बहुधा आत शिरलाच नव्हता. अंधारात कोंबड्यांना फारसे दिसत नाही. त्या जाळीला टेकून झोपल्या की रानमांजर किंवा कांडेचोर बाहेरूनच जे हाती लागेल ते ओढून काढतो. बसण्याची दांडी जाळीपासून किमान दीड हात आत घ्या. षट्कोनी जाळी कोंबड्यांना आत ठेवण्यापुरतीच असते, बाहेरच्याला अडवण्याइतका दम तिच्यात नसतो. कुत्रे ती दातांनी फाडते. तिच्या जागी अर्ध्या इंचाच्या चौकोनी भोकांची वेल्ड केलेली जाळी लावा. तीच जाळी पायाशी बाहेरच्या बाजूला दोन फूट आडवी पसरून तिच्यावर माती आणि चिरे टाका. उकरणारा प्राणी भिंतीच्या अगदी मुळाशीच उकरायला लागतो, दोन फूट मागे सरून सुरुवात करण्याचे त्याला सुचत नाही; माझ्याकडे या एका उपायाने घुशींचाही त्रास थांबला.

राहिल्या पूर्णपणे नाहीशा झालेल्या दोन कोंबड्या. खुराड्यावर एखाद्या झाडाची फांदी आली आहे का, हे पाहा. कांडेचोर झाडावरून उतरून कौल सरकवतो. खात्री करायची असेल तर रात्री दाराशी आणि भिंतीवर चाळलेली राख पसरा. मांजराच्या पावलाला चार बोटे उमटतात व नखे दिसत नाहीत, कुत्र्याच्या पावलाला चार बोटे नखांसह दिसतात, तर कांडेचोराच्या पावलाला पाच बोटे असतात.

निवृत्त पशुधन पर्यवेक्षक:

विषाचा विचार आपण बाजूला ठेवला, हे फार चांगले केले. ते मांस चोरापेक्षा आधी शेजाऱ्याचे कुत्रे, कावळे आणि घारी खातात. शिवाय मुंगूस, कांडेचोर, रानमांजर, नाग आणि धामण या सर्वांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाचे संरक्षण आहे. कुंपणात घरगुती विजेचा प्रवाह सोडण्याचा सल्लाही कोणी देईल. त्याने माणसे मेली आहेत. नायलॉनची मासेमारीची जाळी जमिनीलगत बांधू नका, कारण तिच्यात साप अडकतो आणि मग तो सोडवणे ही निराळीच आपत्ती होते.

वरील सल्ल्यात एका गोष्टीची भर घालतो. संध्याकाळी खाद्याचे भांडे खुराड्यात राहिले की उंदीर येतात आणि उंदरांमागोमाग साप येतात, म्हणून भांडे उचलावे व अंडी दिवस मावळण्यापूर्वी गोळा करावीत. खुडूक कोंबडी घरात डालग्याखाली बसवलेली बरी. घाबरून खुराडे चहूबाजूंनी पत्र्याने बंद करण्याची चूक मात्र अनेक जण करतात. आपल्याकडच्या पावसाळ्यात आतली हवा कोंडते, विष्ठेच्या अमोनियाने कोंबड्यांचे डोळे व श्वास बिघडतात आणि जे चोराने नेले नसते ते आजार नेतो.

उसातला (जुन्नर):

राखणीला कुत्रा पाळा, असे कोणी सुचवण्याआधी सांगतो. आमच्याकडे उसात बिबट्या असतो, आणि त्याला कोंबडीपेक्षा खुराड्यापाशी साखळीने बांधलेल्या कुत्र्याचे आकर्षण अधिक असते. आपल्या भागात बिबट्याचा वावर असल्यास कुत्रा रात्री उघड्यावर बांधू नका.

परसदार:

सर्वांचे आभार. दोन रात्री राख पसरली. दुसऱ्या सकाळी मागच्या भिंतीवर पाच बोटांचे ठसे स्पष्ट दिसले, आणि वर पाहिले तर आंब्याच्या फांदीखालचे एक कौल चार बोटे सरकलेले होते. म्हणजे वडिलांचे म्हणणे खरे निघाले आणि ते आता दिवसातून दोनदा ऐकावे लागत आहे. फांदी तोडली. देवरूखहून अर्ध्या इंचाची जाळी आणली असून ती कौलांखाली रिपांना ठोकून झाली आहे, दर्शनी बाजूचे काम उद्या होईल. खुराड्यामागे जळाऊ लाकडांचा जुना ढीग आहे, नाग तिथेच असावा असा संशय आहे. तो ढीग आम्ही स्वतः उपसावा की आधी सर्पमित्राला बोलवावे?

निवृत्त पशुधन पर्यवेक्षक:

आधी सर्पमित्राला बोलवा. तोवर लाकडे काढायला तिकडे कोणालाही पाठवू नका, आणि खुराड्याचे दार रात्री उघडायची वेळ आलीच तर पायात गमबूट घाला.