मदत हवी आहे: जुन्या यशाच्या पुण्याईवर मॅनेजरला किती दिवस ठेवायचं?

आमचा फुटबॉल क्लब सलग हरतोय. ज्याने चषक जिंकून दिला त्याच मॅनेजरला (म्हणजे मुख्य प्रशिक्षकाला) काढा म्हणणारे वाढलेत. माझं मन काही धजत नाही. पण परवा गोल खाल्ल्यावर मिडफिल्डर कमरेवर हात ठेवून चालत परतले, एकानेही मॅनेजर बसतो त्या बेंचकडे पाहिलं नाही. पोटात गोळाच आला.

इंग्लंडच्या लेस्टर क्लबने २०१६ च्या लीग विजेतेपदानंतर साधारण नऊ महिन्यांनी मॅनेजर रानिएरीला काढलं. तेव्हा फार वाईट वाटलं होतं, पण संघ सावरला, बारावा आला. उलट जर्मनीतलं डॉर्टमुंड फेब्रुवारी २०१५ मध्ये लीगमध्ये तळाला असतानाही मॅनेजर क्लॉपच्या पाठीशी राहिलं आणि सातवं आलं.

खेळाडूंनी मॅनेजरचं ऐकणं सोडलंय की संघच थकलाय, हे तुम्ही कशावरून ओळखता? जाणकारांनी कृपया सांगा.