शिक्षकांचे ऑनलाइन गट: काही शिकतो का नुसतं 'छान उपक्रम सर'?

पाटीपेन्सिल: झेडपीची दोनशिक्षकी शाळा आहे माझी, पहिली ते चौथी. शिक्षकांनी ऑनलाइन एकमेकांना विचारलंच पाहिजे आणि नुसतं वाचून न पळता उत्तरही लिहिलं पाहिजे असं माझं स्पष्ट मत. दुसरे सर बीएलओच्या, म्हणजे मतदार यादीच्या कामाला गेले की चारही वर्ग माझ्या गळ्यात, मग अडलं तर विचारू कुणाला, भिंतीला? तिसरीतली निम्मी पोरं ५२ वजा ३८ चं उत्तर २६ काढायची. गटात टाकलं तर लातूरकडच्या एका बाईंनी उलट मलाच विचारलं, एककात पोरं ८ मधून २ घालवतायत का बघा. तेच करत होती! मोठ्यातून लहान वजा करायचा एवढंच डोक्यात बसलेलं. बाई म्हणाल्या हातचा राहू द्या बाजूला, काड्यांचे दहा दहाचे गठ्ठे द्या आणि गठ्ठा पोरांनाच सोडू द्या.

कडूकारलं: नशीबवान आहात. माझ्याकडे सकाळी सुविचार, मग दिनविशेष, मग एकच परिपत्रक पाच जणांकडून, मग रांगोळीत काढलेली मुळाक्षरं आणि त्याखाली ढीगभर 'छान उपक्रम सर'. पोरं वाचायला लागली का हे एकही जण विचारत नाही. दुसऱ्याचं आयतं पाठाचं टाचण उतरवून सही ठोकणारे वेगळेच. पूर्वी कुमठे बीटातल्या झेडपी शाळा बघायला राज्यभरातून मास्तर साताऱ्याला जायचे, वर्गात बसून पोरं काय करतायत ते बघायचे. फोटोत काय कळणार डोंबल?

पाटीपेन्सिल: आणि परत येऊन काय केलं हो बऱ्याच जणांनी? फरशीवर ऑइलपेंटनी गोल न् चौकोन रंगवले, झाला ज्ञानरचनावाद, म्हणे पोरं स्वतः करून शिकतात! प्रत्यक्ष बघूनही नक्कलच केली ना?

गावकुसाबाहेर: डिसले गुरुजींना विसरलात का, २०२० चा ग्लोबल टीचर प्राइज? सोलापूरकडच्या परितेवाडीत बसून परदेशातल्या वर्गांशी पोरांना बोलायला लावलं त्यांनी.

कडूकारलं: त्यांच्याबद्दल आदरच आहे. पण एका गुरुजींच्या नावावर बाकीच्यांनी किती दिवस मिरवायचं? सरकारी दीक्षा ॲपवरचे निष्ठाचे, म्हणजे शिक्षक प्रशिक्षणाचे कोर्स आठवा, व्हिडिओ चालू ठेवून भाजी निवडायची आणि शेवटी सर्टिफिकेट स्टेटसला.

चौथीच्या_बाई: भाजी निवडतो कारण घरी ती दुसरं कोणी निवडत नाही, असो. तुम्ही दोघं मुद्द्याचं सोडून भांडताय. गटात केंद्रप्रमुख असतात, विस्तार अधिकारी असतात, तिथे 'माझ्या चौथीतल्या सहा जणांना जोडाक्षरं येत नाहीत' असं कोण लिहील? दहा मिनिटांत स्क्रीनशॉट वर जातो आणि महिनाभर भेटी सुरू. मग प्रत्येकजण रांगोळीच टाकणार ना. मी असलं काही विचारायचं तर एका मैत्रिणीला पर्सनलवर विचारते, तेही रात्री सगळं आवरल्यावर. साहेब लोकांशिवायचा पंधरा-वीस जणांचा गट करा, फोटो बंद, फक्त अडचण आणि उत्तर.

पाटीपेन्सिल: बाई, हे पटलं. लातूरच्या बाई भेटल्या तो गट असाच होता, एकही साहेब नव्हता त्यात.

गावकुसाबाहेर: पण साहेबांना कधीच कळलं नाही तर मदत मिळणार कशी?

चौथीच्या_बाई: कळल्यावर मदत मिळते? आमच्याकडे नोटीस मिळते.

कडूकारलं: निघाला असा गट तर मला घ्या. पहिला सुविचार आला की मी बाहेर, आत्ताच सांगून ठेवतो.